पहिल्या भाताचा चिन्नोर

"उद्या सकाळी इळा घेऊन ये," खुशालभाऊ दारातूनच म्हणाले. पंचफुलेला वाटलं, धुऱ्यावरचं गवत काढायचं असेल. दिवाळी अजून पुढे होती. करडी गावच्या शिवारात धान नुकताच दुधात आला होता. लोंबी नखाखाली दाबली तर पांढरा थेंब यायचा, दाणा नाही.

"गवत नाई वो. चिन्नोरची बांधी कापाची हाय."

"हिरवीच?"

"हिरवीच. साकोलीच्या लॉनवर मिलवाल्या शेटच्या पोरीचा साखरपुडा हाय. त्याइले तेती गाव दाखवाचं हाय म्हनते. गेटपासून स्टेजवरी दोन्ही बाजूनं उभा धान लावनार हायेत."

पंचफुला त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. शेटचा सगळा पैसा धानातून आलेला. दोन पिढ्या धान भरडून झाला, आता त्याला धान बघायची हौस आली होती, आणि तीही पिकायच्या आत. पैसा झाला की माणसाला काय काय सुचेल, याचा काही नेम नाही.

खुशालभाऊंच्या शेतात बाकी सगळा जाडा धान. चिन्नोर, वासाचा बारीक धान, तेवढा धुऱ्यांनी आखलेल्या एका बांधीत, घरच्यापुरता. त्या बांधीची एक रीत होती. जिनं चिखलात रोपं लावून रोवणा केला, तिनंच कापणीनंतर सरवा वेचायचा. कापताना गळून पडलेल्या लोंब्या तिच्या. ही रीत कोणी घालून दिली, कोणाला ठाऊक नाही, पण आजवर ती कोणी मोडली नव्हती. इतर शेतांत आता हार्वेस्टर फिरतो, मागे चाकाखाली तुडवलेला चिखल उरतो. पंचफुलेच्या घरात वर्षभर रेशनचा, कंट्रोलचा तांदूळ शिजायचा आणि सरव्याचा पायलीभर चिन्नोर डब्यात जपून ठेवलेला असायचा.

यंदाही त्या बांधीचा रोवणा तिनंच केला होता, आणि सरवा आधीच बोलून ठेवला होता. लेक तृप्ती कोंढ्याला दिलेली, तिच्या पोरीला सातवा महिना लागला होता. पहिला भात भरवायचा, तर पंचफुलेनं विहिणीला, ललिताबाईंना, गळ घातली होती. "जरा थांबा बाई. कंट्रोलचा तं तिले जल्मभर खाच हाय. पयला घास माया सरव्याचा होऊ द्या." ललिताबाई हसल्या होत्या, पण थांबल्या होत्या.

हे सगळं तिनं खुशालभाऊंना सांगितलं. ते खाली बघत चपलेनं माती उकरत राहिले.

"डबल रोजी देतो तुले. अन् मायं बी पाय ना. तुडतुडा लागला, पानी आलं, तं मले काय भेटते? हे नगद हाय."

"मंग एक कोपरा ठेवा."

"पुरी बांधी देल्ली वो."

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर पंचफुलेला भांडता आलं असतं. ती नाही म्हणाली असती तर दुसरी कोणी कापायला आली असती, आणि पुढच्या रोवण्याला तिचं नाव मागे पडलं असतं. सकाळी ती इळा घेऊन गेली. पिकल्या धानाचं खोड इळ्याखाली कसं कडकडत तुटतं, याची तिच्या हाताला सवय. हिरवं खोड नुसतं लवायचं, सुटायचं. बाया एरवी कापताना कोणाच्या तरी सुनेची उणीदुणी काढतात. त्या दिवशी त्या इळ्याला पुन्हापुन्हा धार लावत राहिल्या.

धानासोबत बायांनाही ट्रकमधून लॉनवर नेलं. वाळू भरलेल्या ट्रेमध्ये पेंढ्या रोवायच्या आणि माना टाकू नयेत म्हणून दिवसभर वर पाणी मारायचं. नागपूरचा अतुल नावाचा पोरगा सजावटीचं सगळं बघत होता. बोलायला गोड. पंचफुलेला त्यानं नवं लुगडं नेसायला दिलं आणि इळा हातात धरून गेटजवळ उभं केलं. पाहुणे येत, तिच्या शेजारी उभे राहून फोटो काढत, कोणी लोंबी तोडून केसात खोवत. तिच्याकडे बघून सगळे हसत होते, म्हणून तीही हसली. पाय भरून आले होते.

प्रत्येक खुर्चीवर जरीची छोटी थैली ठेवलेली होती. आत मिलचा चिन्नोर तांदूळ, पाहुण्यांना भेट. जेवणं झाली आणि अर्ध्याअधिक थैल्या खुर्च्यांवरच राहिल्या. काही पायाखाली गेल्या. पंचफुलेनं अतुलला विचारलं, तर तो म्हणाला, "घ्या ना काकू, फेकायच्याच आहेत."

तिला हायसं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच. खुर्च्यांच्या रांगांतून वाकून ती थैल्या वेचत गेली. कंबर तशीच दुखली, पदराचा ओटा तसाच भरला. सरवाच झाला म्हणायचा, असं तिनं मनाला समजावलं.

रविवारी ती कोंढ्याला पोचली. थैल्या तिनं घरीच उसवून तांदूळ आपल्या डब्यात घातला होता. "माया सरव्याचा हाय," ती म्हणाली. विहिणीपुढे एवढं खोटं बोलताना तिची मान ताठ होती. फोटोपुढे मेणबत्ती लावून त्रिसरण झालं. चुलीवर भात शिजू लागला तसा घरभर वास सुटला. आधी सगळ्यांनी कौतुकानं तो छातीभर घेतला. मग ललिताबाईंनी भांड्यावर वाकून पुन्हा एकदा हुंगून बघितलं.

मऊ घोटलेला भात पंचफुलेनं बोटावर घेऊन नातीच्या तोंडात दिला. पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं, घास थुंकून टाकला, खोकली आणि भोकाड पसरलं. ललिताबाईंनी एक शीत जिभेवर ठेवलं.

"अत्तर मारलं हाय बाई याले. सरवा नोहे हा."

पंचफुलेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बांधी, लॉन, खुर्च्या, सगळं तिनं सांगून टाकलं. ललिताबाई ऐकून घेत होत्या. मग उठल्या, पिंपातला कंट्रोलचा तांदूळ मूठभर घेतला, धुऊन शिजवला, मीठ घालून घोटला आणि वाटी पंचफुलेच्याच हातात दिली. "तुमीच भरवा."

पोरीनं पहिला घास चाखला आणि थांबली. मग आऽ केला. दुसरा घास, तिसरा. चौथ्याला तिनं आजीचं बोटच धरून ठेवलं, सोडेना. घरात हशा पिकला. तृप्तीनं टाळ्या वाजवल्या. वाटी चाटूनपुसून साफ झाली.

पंचफुला रिकामी वाटी घेऊन मोरीवर गेली, ती बराच वेळ आली नाही. तृप्ती बघायला गेली तर माय पदरानं डोळे पुसत होती.

"माय, रडून कायले राहिली? खाल्ला न तिनं?"

"खाल्ला न बाई," पंचफुला म्हणाली. "आवडला बी तिले."