वाचणारं बोट

चेंडू माझ्याकडेच येतोय हे मला नीट ऐकू आलं होतं. आमच्या चेंडूच्या पोटात घुंगरं असतात. तो जमिनीवरून घरंगळत येतो आणि आपण आडवं पडून तो अडवायचा, एवढाच खेळ. मी अडवलाही. फक्त अंगाच्या आधी माझ्या उजव्या हाताची तर्जनी तिथे पोचली आणि सव्वा किलोचा चेंडू थेट तिच्या टोकावर आदळला.

"ओढ गं, जोरात ओढ, बसेल जागेवर!" संघातली एक जण ओरडली. दुसरी तर ओढायला हात पुढे करूनच आली. दोघींनाही मी लांब राहायला बजावलं आणि बोट बर्फाच्या पिशवीत खुपसलं. काय झालंय ते मला तेव्हाच कळलं होतं. शेवटचं पेर खाली लोंबत होतं आणि मी कितीही जोर लावला तरी वर उठायचं नाव घेत नव्हतं.

दुसरं कुठलंही बोट चाललं असतं. हे वाचणारं बोट होतं.

मी जन्मापासून आंधळी आहे आणि सोळा वर्षं ब्रेलच्या छापखान्यात प्रूफं वाचते. उजव्या तर्जनीखालून टिंबं सरकवत मी मोठ्याने वाचत जाते, समोर कोणी डोळस माणूस मूळ छापील प्रत धरून बसतो, आणि जरा फरक पडला की मला थांबवतो. डाव्या बोटाकडे नुसती हमाली. त्याने पुढची ओळ शोधायची आणि तिथे गप्प उभं राहायचं.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी फोटो काढला. हाड शाबूत होतं, पण बोटाचं टोक वर उचलणारा दोर तुटला होता. त्यांनी बोटाला प्लास्टिकची टोपी चढवली, वरून पट्टी गुंडाळली आणि म्हणाल्या, "सहा आठवडे. हे शेवटचं पेर एकदाही वाकता कामा नये. अंघोळीत नाही, झोपेत नाही. टोपी धुवायला काढाल तेव्हा बोट टेबलावर सपाट टेकवून ठेवायचं. एकदा जरी वाकलं तरी मोजणी पुन्हा एकपासून. आणि मधलं पेर हलवत राहा, नाहीतर सगळंच बोट आखडेल."

"टोपी वरच्या बाजूने लावा ना. खालून वाचता येईल."

"वाचताना दाब पडतो. नाही चालायचं."

"आणि खेळायचं?"

त्यांनी पट्टीचं टोक दाबून चिकटवलं. मग म्हणाल्या, "बाई, तुम्ही आधी सहा आठवडे काढा."

घरी वहिनीने केस विंचरून देताना मनसोक्त तोंडसुख घेतलं. "चाळिशी उलटल्यावर जमिनीवर लोळायला कोणी सांगितलं होतं, ताई?"

"कोणीच नव्हतं सांगितलं. म्हणून तर गेले."

दादा हसला, वहिनीने वेणी जरा जास्तच घट्ट घातली.

छापखान्यातले साहेब मात्र हसले नाहीत. ते येऊन आठ महिने झाले होते आणि येताना एक यंत्र घेऊन आले होते. छापील मजकूर एका बाजूने दिला की ते आपोआप ब्रेल करून कागदावर टिंबं उठवतं. या यंत्राचं त्यांना इतकं कौतुक, की पोटच्या पोराचंही कोणी करत नसेल.

"यंत्राचं बोट दुखावत नाही," ते म्हणाले. "पण ठीक आहे. बेचाळीस दिवस मी थांबतो. त्रेचाळिसाव्या दिवशी तुम्ही टेबलाशी बसून वाचायला हवं. नाहीतर मग प्रूफाशिवाय छापू. आणि तसं जमलं, तर हे टेबल ठेवायचं तरी कशाला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी म्हटलं, "त्रेचाळिसाव्या दिवशी येते." तेवढे दिवस त्यांनी मला पानं मोजायला बसवलं.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. बांधणी खात्यात सगळे आंधळे. कोणी नवी साडी नेसली, कोणाला फोड आला, कोणाचं बाळ आलं, की "बघू!" म्हणत सगळे जमतात, आणि आमचं बघणं म्हणजे हात लावणं. माझ्या बोटाचंही तेच. पहिल्या आठवड्यात मी दिवसाला पंधरा हात झटकले. "लांबूनच बघा," मी म्हणायचे, आणि सगळे खो खो हसायचे.

एकोणिसाव्या दिवशी मास्तर आले. मी सहा वर्षांची असताना याच मास्तरांनी माझं बोट धरून मला वाचायला शिकवलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते इथे बांधणीत पानं जुळवायला लागले. मी टोपी धुवून बोट टेबलावर टेकवून सुकवत बसले होते. चहाचा पेला माझ्यापुढे ठेवत ते म्हणाले, "बघू तरी, माझी विद्यार्थिनी कशी आहे," आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ते बोट अलगद उचललं.

पेर खाली पडलं. आवाज काही झाला नाही, पण मला ते पडलेलं कळलं.

"वाकलं?" मास्तरांनी विचारलं.

"वाकलं! मास्तर, हात लावायचा नाही म्हणून साऱ्या छापखान्याला ओरडून सांगितलंय मी! तुम्हाला वेगळं आमंत्रण द्यायला हवं होतं का?"

त्यांच्याशी मी आयुष्यात कधी असं बोलले नव्हते. ते आल्या पावली गेले. चहा तसाच निवला.

डॉक्टरीणबाईंनी टोपी पुन्हा चढवली आणि म्हणाल्या, "आज पहिला दिवस." म्हणजे टोपी निघणार एकसष्टाव्या दिवशी. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी तारीख दिली होती." मी त्या रात्री रडले, रागाने रडले, आणि बोट उशीवर ताठ ठेवून रडले, कारण पुसायला तो हात वापरायची सोय नव्हती.

सकाळी टेबलाशी आले तर माझ्या डाव्या बाजूला कोणीतरी बसलं होतं. तंबाखूचा वास मास्तरांचा.

"उजव्या बाजूला मी येणार नाही," ते म्हणाले. "डावं बोट ठेव."

समोर कागद होता. बोटाखाली एकच टिंब आलं.

"हे काय?"

"मास्तर, मी बेचाळीस वर्षांची आहे."

"हे काय?"

"अ," मी म्हणाले.

अक्षरं मला येत होती, बोटाला येत नव्हती. उजव्या बोटाखाली शब्द नुसते पाण्यासारखे वाहायचे. डाव्याखाली नुसती मोहरी सांडलेली. एका ओळीला चार मिनिटं. मान आखडायची, बोट बधिर व्हायचं, आणि पुढची ओळ शोधायला दुसरा हात नाही म्हणून मी त्याच त्याच ओळीवर परत यायचे. मास्तर रोज कामाआधी तासभर आणि सुटल्यावर तासभर बसायचे. माझा राग गेला नव्हता. मी त्यांना सांगून टाकलं, की शिकते म्हणजे माफ केलं असं समजू नका. ते म्हणाले, "पुढची ओळ."

तेवीस दिवस असे गेले. त्रेचाळिसाव्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत जाऊन बसले. उजवा हात मांडीवर, टोपीसकट.

"टोपी आहे अजून," साहेब म्हणाले.

"वाचायचं ठरलं होतं. कुठल्या बोटाने ते ठरलं नव्हतं."

साहेबांनी टेबलाचा खण उघडला. मग वीस पानांची एक पुस्तिका माझ्यापुढे सरकवली. लहान मुलांना ताप आला तर काय करायचं, आंधळ्या आईबापांसाठी. "दहा पानं, एक तास. मूळ प्रत मीच धरतो."

मी वाचू लागले. उजव्या बोटाने दहा पानं अर्ध्या तासात झाली असती. डाव्याने चाळीस मिनिटांत मी पाचव्या पानावर होते. साहेबांच्या घड्याळाचा पट्टा सारखा टेबलावर वाजत होता. अडखळत अडखळत मी वाचलं, "दोन वर्षांखालील बाळाला, एका वेळी, पंचवीस मिली."

कोणी थांबवलं नाही. मीच थांबले. भाचीला मी तापाचं हे औषध शंभरदा पाजलंय. बाटलीचं मापाचं झाकण सगळं भरलं तरी दहाच मिलीचं होतं.

"मूळ प्रतीत काय आहे?"

कागद चाळल्याचा आवाज आला. ते कुठल्या तरी दुसऱ्याच पानावर होते. "अडीच," ते म्हणाले. "दोन पूर्णांक पाच. तुम्ही चुकलात. डावं बोट आहे, चालायचंच."

"मी चुकले?"

"उघड आहे. यंत्र चुकत नाही."

मी उठले, टेबलाला वळसा घातला, त्यांचा हात शोधला आणि त्यांची तर्जनी त्या ओळीवर ठेवली. गुळगुळीत, मऊ बोट. त्याने आयुष्यात एक ओळ वाचली नव्हती.

"मग तुमचं उजवं बोट लावा. धडधाकट आहे. दोन आणि पाचच्या मध्ये दशांशाची खूण आहे का सांगा."

"मला हे कुठे येतं?"

"आठ महिने ब्रेल छापताय, साहेब."

 मी दाराकडे तोंड करून बाहेर थांबलेल्या मास्तरांना हाक मारली. ते आले. टेबलावर त्यांचा हात चाचपडत असताना माझ्या टोपीला लागला आणि चटका बसल्यासारखा मागे गेला. मग त्यांना ओळ सापडली.

"दोन. पाच. मिली," मास्तर म्हणाले. "मध्ये काही नाही. पंचवीस."

"किती प्रती काढल्यात याच्या?" मी विचारलं.

साहेबांचा घड्याळाचा पट्टा थांबला होता. "चारशे," ते हळूच म्हणाले. "गठ्ठे बांधून तयार आहेत."

म्हणजे माझी परीक्षा घ्यायच्या आधीच त्यांनी निकाल लावून टाकला होता. मला इतका राग आला की आवाजच शांत झाला. "मग सोडा गठ्ठे. आणि उरलेली पंधरा पानं माझ्या टेबलावर पाठवा. डाव्या बोटाला जितका वेळ लागेल तितका लागेल. घाई असेल तर तुम्ही शिका. मास्तर शिकवतात, फक्त तोंड बंद ठेवावं लागतं."

चारशे प्रतींचे गठ्ठे संध्याकाळपर्यंत बांधणीतल्या लोकांनी सोडवले. टेबलाचा विषय परत कोणी काढला नाही.

एकसष्टाव्या दिवशी टोपी निघाली. बोट बारीक झालं होतं, आखडलं होतं, आणि टोक जरासं खाली झुकलेलं राहिलं. हे एवढं राहणार, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी व्यायाम सांगितले: टेबलाच्या कडेवर बोट ठेवून फक्त शेवटचं पेर वाकवायचं आणि सरळ करायचं, दिवसातून पाचदा, आणि रात्री अजून महिनाभर टोपी. मी खेळायचं विचारलं. त्या म्हणाल्या, "दोन महिन्यांनी. बोटं एकमेकांना बांधून." मी तारीख लिहून घ्यायला सांगितली.

छापखान्यात येऊन मी प्रथम पान काढलं. उजवं बोट ठेवलं. मोहरी. जरा सरकवलं, कोन बदलला, झुकलेल्या टोकाच्या कडेने वाचून बघितलं. मग एक शब्द आला. मग दुसरा. डावं बोट शेजारी उभं होतं, पण आता गप्प नव्हतं. तेही वाचत होतं.

बांधणी खात्यात गेले. वास तंबाखूचा. मास्तर पानं जुळवत होते. मी आल्याचं त्यांना कळलं, कारण पानं थांबली. त्यांनी विचारलं नाही. बेचाळीस दिवस त्यांनी 'बघू' हा एक शब्द तोंडातून काढला नव्हता.

मी उजवा हात त्यांच्यापुढे धरला, अगदी त्यांच्या बोटांना लागेल असा.

"बघा," मी म्हणाले.