जाळीखालचं पाणी

प्लंबरला घाणीचं वावडं नव्हतं. तीस वर्षं लोकांच्या मोऱ्या उपसून त्याच हातांनी पोटभर जेवलेला माणूस तो. पण इस्पितळाच्या या वॉर्डाने त्यालाही नाक धरायला लावलं होतं. फिनेल, ओल्या गाद्या आणि शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांच्या पोटाला चिकटवलेली ती मैल्याची पिशवी. मधूनच गुडगुडायची मेली.

उद्या सकाळी त्याचं ऑपरेशन. आतड्याचा आवळलेला तुकडा कापायचा आणि दोन टोकं जोडायची. साखर, रक्त, वजन, सगळं झकास निघालं होतं. राहिली सिगरेट. डॉक्टरीणबाईंनी तीनतीनदा विचारलं, कारण ओढणाऱ्याचा जोड सुटायची भीती फार, आणि सुटला की आतली घाण पोटभर. त्याने बायकोच्या देखत ठोकून दिलं, दोन महिने झाले सोडून.

सोडतोय कसली! दिवसातून चारदा स्वारी संडासात. जमिनीवरची जाळी उचलायची, खालच्या वाटीतलं पाणी डबड्याने उपसायचं, पाइपाचं तोंड मोकळं करायचं आणि धूर थेट पाइपात फुंकायचा. सिस्टरच्या नाकावर टिच्चून. निघताना पाणी परत ओतायचं, की झालं.

आज दुपारी ते ओतायचंच राहिलं. गटाराचा वास अडवतं ते तेवढंच पाणी. घटकाभरात अख्ख्या इमारतीचा मैला वॉर्डात दरवळला. एकाने तर भांड्यात ओकलं. सगळ्यांचे डोळे पिशवीवर. समोरचा म्हणाला, मास्तर, बाहेर बसा की जरा. म्हातारा पिशवी धरून उठला, प्रत्येक खाटेपाशी थांबून माफी मागितली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

एरवी प्लंबर पोट धरून हसला असता. आज त्याला गिऱ्हाइकं आठवली. आम्ही काहीच टाकलं नाही हो, म्हणायची, आणि पाइपातून निघायची केसांची गुंतवळं, फडकी, एकदा तर चक्क कवळी. असल्या खोटारड्यांची त्याला शिसारी यायची. आता स्वतःची आली.

त्याने जाऊन जाळीत बादलीभर पाणी ओतलं. मग बाकापाशी उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंपुढे पायजम्याच्या नेफ्यातलं सिगरेटचं पाकीट धरलं.

"बाई, वास मास्तरांचा नाही. माझ्या करणीचा आहे."

"शेवटची कधी ओढली?"

"दुपारी."

बाईंनी उद्याच्या ऑपरेशनच्या कागदावर काट मारली. चार आठवडे पुढे, आणि एकही ओढायची नाही.

मागोमाग आलेली बायको म्हणाली, "अहो, जीव गेला असता ना तुमचा."

"ओल्या पाइपाला जोडायचं सोल्युशन लावत होतो," तो पुटपुटला. "धरलं नसतं."

मास्तरांनी पिशवीवर हात ठेवला. "माझ्या जोडाने नाही धरलं. मीही हेच दोन महिने सांगितले होते." मग पाकिटाकडे बघून म्हणाले, "फेका ते. पण मोरीत नको हं."