शंभरातले बावन्न

“फुंका, फुंका, फुंका, अजून... सोडा.”

नळीतून तोंड काढून म्हातारा हसला. तपासणीच्या त्या खुर्चीत सहसा कुणी हसत नसे. फुप्फुसांची ताकद मोजणाऱ्या बाईला सगळा दवाखाना फुंकबाई म्हणायचा. बावीस वर्षांत तिने हिरमुसलेले चेहरेच पाहिले होते.

म्हातारा ओबो वाजवायचा. दोन पातळ पात्यांच्या फटीतून फुंकायचं लाकडी वाद्य. त्यात हवा कमी पडत नाही, उरते, असं त्याने सांगितलं. शिळी आधी सोडायची, मग ताजी घ्यायची. जाताना एक सीडी ठेवून गेला. तीनशे वर्षांपूर्वीचं, बरोक काळातलं संगीत.

हवा उरते.

घरी पोचेपर्यंत तिला ते पचलं नाही.

घरी नवरा. सव्वीस वर्षं बॉयलरपाशी काढलेली, आता खिडकीशी खाट आणि नाकाला ऑक्सिजनची नळी. गेल्या महिन्यात तिनेच त्याला फुंकायला लावलं होतं. शंभरातले एकोणतीस.

त्याला सांगितले बावन्न.

सीडी पहिल्यांदा लावली तेव्हा तो म्हणाला, “कोण नाकात रडतंय हे?” दुसऱ्यांदा काहीच बोलला नाही.

रविवारी दुपारी तिसऱ्यांदा. संथ भाग. सूर एकटाच वर चढत होता आणि ती सवयीने सेकंद मोजत होती.

सात.

अकरा.

पंधरानंतर मोजायचं विसरली. हातातली पालेभाजी तशीच राहिली. आयुष्यात गाणी कामं उरकताना ऐकलेली. कुणी सूर असा समोर धरून ठेवतो, हे तिला आज कळत होतं. मग हलकासा आवाज आला. वादकाने श्वास घेतला.

तेव्हा तिचं खाटेकडे लक्ष गेलं. नवरा तोंड मिटून त्या सुराबरोबर गुणगुणत होता. चारला तुटला. पुन्हा धरला. तीनला. ओठ निळसर.

तिने बटण दाबून सीडी थांबवली. “दम लागेल तुम्हाला.”

“तो पंधराच्या पुढे जातो,” धापा टाकत तो म्हणाला. “मी बावन्नवाला. निम्म्यापर्यंत तरी जायला हवं ना गं?”

हिशेब चुकीचा होता. तिची तपासणी असलं काही मोजतच नाही. तेवढं सांगितलं असतं तर तो गप्प बसला असता.

“एकोणतीस,” ती म्हणाली.

ऑक्सिजनचं यंत्र घरघरत राहिलं.

“आणि मी धाकट्या लेकाला कबूल करून बसलो,” शेवटी तो म्हणाला, “थंडी सरली की तुझ्याकडे येतो म्हणून.”

तिने पालेभाजी बाजूला ठेवली.

“लाव परत.”

तिने लावलं. नळी सांभाळत, दोनदा थांबत तो भिंतीकडे सरकला. खाटेच्या कडेला एका माणसापुरती जागा झाली.