लाइन बंद आहे

“किती दिवे लागलेत, आई?” मुलाने फोनवर विचारले.

“तीन,” ती म्हणाली आणि मटारची शेंग अंगठ्याने उकलली. “दोन हिरवे. एक लाल.”

“लाल कुठला? शेवटचा?”

“शेवटचाच.”

फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून ती स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती. पुढ्यात ताट, ताटात दाणे, बाजूला टरफलांचा ढीग. राउटर होता बाहेरच्या खोलीत, कपाटाच्या डोक्यावर. तो बघण्यासाठी उठायची तिला गरज नव्हती. लाल दिवा का लागला हे तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

“आता मागच्या वायरी बघ. एक काळी आहे, भिंतीतून येते ती. जरा आत दाब.”

तिने दोन शेंगा सोलल्या. वर हात करून काम करणाऱ्या म्हाताऱ्या बाईला लागेल तेवढा वेळ जाऊ दिला.

“दाबली.”

“हलतेय का?”

“छे, घट्ट आहे.”

काळी वायर कपाटामागे लोंबत होती. ती तिनेच उपसली होती. खोट्याच्या कपाळी गोटा, असे ज्या मुलाला लहानपणी बजावले त्याच्याशी ती आठवडाभर रोज दुपारी खोटे बोलत होती. पहिल्या दिवशी जीभ अडखळली, कपाळावर घाम आला. आता मटार सोलता सोलता जमत होते. माणूस कशालाही सरावतो, आणि या वयात एखादी नवी गोष्ट जमली तर ती हीच जमावी, याचे तिला मधूनच हसू येई. ते हसू काही बरे नव्हते.

त्या घरात इंटरनेट आले ते कॅमेऱ्यापायी. ती जन्मभर घरी बसून शिवणकाम करत आलेली. नवरा टेलिफोन खात्यात लाइनमन. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी सगळी गल्ली त्याला लाइनमनच म्हणे. दोघांनाही राउटरच्या त्या डबीचा काडीचा उपयोग नव्हता. पण लाइनमनच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटू लागली, आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसे, तेव्हा मुलगा रजा काढून आला, भिंतीवर लिंबाएवढा कॅमेरा बसवला आणि निघताना दारात बूट घालता घालता म्हणाला, “तुला झेपेनासं झालं की बाबांना तिकडे ठेवू. मी एक जागा बघून ठेवलीय. कॅमेऱ्यात नीट दिसतंय तोवर मी घाई करणार नाही.”

ती जागा तिनेही पाहिली होती. स्वच्छ होती, नावे ठेवण्यासारखे काही नव्हते. एका लांब खोलीत म्हातारे टीव्हीकडे तोंड करून ओळीने बसले होते आणि टीव्ही बंद होता. उभे आयुष्य खांबांवर चढण्यात घालवलेला माणूस इथे महिनाभरही टिकायचा नाही, हे तिला उंबऱ्यातच कळले. हे जातील ते आपल्याच घरातून, असे तिने परतीच्या वाटेवर ठरवून टाकले.

ठरवायला काय जाते! लाइनमनला दुसरे काही आठवत नसले तरी चढणे आठवत होते. खिडकीचे गज, कपाट, गॅलरीचा कठडा, जे उभे दिसेल त्यावर तो पाय टाकायचा. तिच्या डोळ्याला डोळा लागेना. अंघोळ करायची तर न्हाणीघराचे दार उघडे टाकून. शेवटी तिने मशीन पुसून घेतले आणि एक पट्टा शिवला. जुनी चादर चौपदरी, आत कापूस, कडेने दुहेरी शिलाई, म्हणजे पोटाला काचायला नको. टोकाला प्रवासाच्या बॅगेचे बक्कल. इतक्या निगुतीने तिने मुलाची झबलीसुद्धा शिवली नव्हती. मग कोपऱ्यात खुर्ची सरकवली. तिथवर कॅमेरा पोचत नाही अशी तिची समजूत होती. आधी ती त्याला अंघोळीपुरते बांधायची. मग स्वयंपाक होईपर्यंत. मग कधी नुसतेच, पाठ टेकायला.

आणि मागच्या आठवड्यात तो गॅलरीच्या कठड्यावर एक पाय पलीकडे टाकून बसलेला सापडला. तिने त्याला कमरेला धरून आत ओढले, खोलीच्या मधोमध आणले आणि फाडकन त्याच्या मुस्काटात मारली. पुन्हा एकदा मारली. तो रडला नाही. “चुकलं का, बाई?” असे म्हणाला. जीव वाचला याचा आनंद, पडला असता याची भीती, यातले त्या क्षणी तिच्या मनात काहीही नव्हते. नुसता राग होता, आणि तेच तिला नंतर खात राहिले. हात खाली आला तेव्हा तिची नजर भिंतीकडे गेली. कॅमेऱ्याचा निळा ठिपका शांतपणे लागलेला होता. दिवस मावळायच्या आत तिने वायर उपसली.

मुलगा त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. म्हणजे त्याने पाहिले नसणार. ऑफिसात मान वर करायला फुरसत नसते त्याला, दिवसभर म्हाताऱ्या आईबापांना कोण बघत बसेल? तो फक्त रोज फोन करी आणि तिला दिवे मोजायला लावी. बंद कर. चालू कर. थोडं थांब. आता सांग.

“ऐकतेयस ना आई? ही म्हणत होती, कंपनीत तक्रार नोंदवू. त्यांचा माणूस येऊन बघून जाईल.”

ही म्हणजे सून. कंपनीचा माणूस येणार, कपाटामागे हात घालणार आणि लोंबती वायर दाखवून विचारणार, आजी, ही कुणी काढली?

“नको रे. परका माणूस पाहिला की हे बिथरतात. येईल आपोआप.”

“बरं,” मुलगा लगेच म्हणाला.

इतक्या लगेच म्हणाला की आपले बोलणे त्याला पटले की नाही, याचीच तिला शंका आली. खोटे बोलणाऱ्याला कुठे थांबावे ते कळत नाही. आवाज चढवून तिने आणखी भर घातली, “अरे, डबी धडधाकट आहे. लाइन बंद आहे. बाहेरूनच लाइन बंद आहे!”

बाहेरच्या खोलीत खाट करकरली.

लाइनमनला सगळ्या नोकरीत याच शब्दांनी उठवले होते. भरल्या ताटावरून, तापाच्या ग्लानीतून, आणि मुलगा जन्मला त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावरून. लाइन बंद आहे एवढे ऐकले की तो पुढचे काही न विचारता चपला सरकवी आणि मागे ती त्याच्यावर तोंडसुख घेत राही. ते शब्द आज तिच्याच तोंडून गेले होते.

पट्टाही बांधलेला नव्हता. तो झोपला की ती पट्टा काढून ठेवायची. झोपलेल्या माणसाला बांधून घालण्याइतकी ती अजून घसरली नव्हती. तिने ताट ढकलले आणि ओट्याला धरून उठली. गुडघ्यांनी आपला वेळ घेतलाच. दाणे फरशीभर पसरले.

लाइनमन स्टुलावर उभा होता. एक हात कपाटाच्या कडेला, दुसरा कपाटामागे खोल गेलेला, गाल लाकडाला टेकलेला. डोळे मिटलेले होते. तो बोटांनी बघत होता.

“अहो! खाली उतरा. अहो, ऐका ना!”

“एक मिनिट, बाई,” तो म्हणाला. आवाज त्याचा होता, पूर्वीचा. “टोक सुटलंय. हे काय, सापडलं.”

ती धावली आणि तिने त्याच्या पोटऱ्या धरल्या. ओढावे तर तो पडणार. ओरडावे तर दचकून पडणार. ती नुसती धरून उभी राहिली. त्याने वायर वर घेतली, टोकावर फुंकर मारली, अंगठ्याने डबीमागची खाच चाचपली. या बोटांना हल्ली सदऱ्याचे बटण लावता येत नव्हते. वायर त्यांनी पहिल्याच खेपेला बसवली. टक् असा बारीक आवाज झाला.

लाल दिवा विझला. थोडा वेळ काहीच झाले नाही आणि तेवढ्यात तिने, कुणाकडे ते तिलाही ठाऊक नव्हते, जे मागायचे ते मागून घेतले. मग दिवा हिरवा झाला. भिंतीवरचा ठिपका लुकलुकला आणि निळा होऊन स्थिरावला.

“झाली चालू,” लाइनमन म्हणाला. तिचा हात धरून तो खाली उतरला आणि सदऱ्याला हात पुसत बाजूला उभा राहिला. काम झाल्यावर गिऱ्हाइकाची सही मिळेपर्यंत तो असाच उभा राहत असे.

फोन तिच्या मुठीतच होता. तिने तो कानाला लावला.

“अरे, आहेस ना?”

“आलं गं,” तो म्हणाला. “दिसतंय.”

कोपऱ्यात खुर्ची होती आणि खुर्चीच्या पाठीवर पट्टा लोंबत होता. ती दोन पावले सरकली आणि होईल तेवढे अंग पसरून खुर्चीपुढे उभी राहिली.

“बाबांनी दुरुस्त केलं बघ,” ती म्हणाली. हसायचा प्रयत्न केला. “कसे ठणठणीत आहेत, बघितलंस ना?”

“तिथून सरक आई. ती खुर्ची माहितीये मला.”

“अरे, तो पट्टा ना, पडू नयेत म्हणून. मऊ आहे. आत कापूस घातलाय मी.”

“आई.”

“अंघोळीपुरताच रे. तेवढ्यापुरताच.”

“आई, मी त्या दिवशी पाहिलं.”

कुठल्या दिवशी, असे तिने विचारले नाही. ती खुर्चीत बसली. कॅमेऱ्याकडे बघण्याचे धाडस होईना, म्हणून फरशीकडे बघत बोलली.

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलणार होतो? मीटिंग सोडून बाहेर आलो आणि जिन्यात बसून राहिलो. म्हटलं संध्याकाळी फोन करतो, काय ते ठरवून टाकतो. संध्याकाळी बघतो तर कॅमेरा बंद. खरं सांगू? मला बरं वाटलं.”

लाइनमन अजून अदबीने उभा होता. तिने त्याला मानेनेच बसा म्हटले. तो बसला नाही.

म्हणजे मुलगा रोज विचारत होता आणि रोज तिचे उत्तर मुकाट्याने मानत होता. माणूस पाठवणे एका फोनचे काम होते. आठवडाभर ती दोघे मिळून एकच लाल दिवा राखत होती.

“आता नेणार ह्यांना?” तिने विचारले.

“दिसलं तर मला काहीतरी करावं लागेल गं. हे बघायचं आणि नुसतं बसायचं, मला नाही जमणार. आणि त्यांना तिकडे नेऊन सोडायचं, माझ्या हातांनी, तेही नाही जमणार. दिसलंच नाही तर...”

वाक्य त्याने तसेच सोडले. त्याच्याकडे कुणीतरी हाक मारली, तो “आलो, आलो” म्हणाला. मग घाईघाईने, आवाज अगदी खाली आणून म्हणाला, “आई, ती वायर पुन्हा काढून ठेवशील?”

तिला हवे होते ते हेच. लाइनमन कुठेही जाणार नव्हता. ज्यासाठी आठवडाभर जीव मुठीत धरला ते पदरात पडले होते, आणि आता या खोलीत कुणी कुणाला मारले, कोण रडले, कोण पडले, हे बघणारे जगात कुणीही उरणार नव्हते. मी थकलेय रे, असे तिला म्हणायचे होते.

“ठेवते,” ती म्हणाली.

फोन ठेवून ती स्टुलावर चढली. कपाटाला धरले तरी स्टूल डगमगत होते. ते पाहून लाइनमन लगबगीने पुढे आला, वाकला आणि दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून वर तिच्याकडे बघत म्हणाला,

“सावकाश, बाई. मी धरलंय.”