एकतिसाव्या खड्ड्याचा कागद

बुधवारी दुपारी कादिर जेवायला आले आणि हात न धुताच मोरीपाशी उभे राहिले. आमच्या तान्ह्या इफराला दात येत होते, ती माझ्या खांद्यावर कुरकुरत होती.

"कुबरा, आज खड्ड्यात कबर लागली," ते म्हणाले. "लहान मुलाची."

सौदीत, जुबैल शहराच्या बाहेर, खारट उजाड जमिनीवर दोनशे घरांची वसाहत व्हायची होती. त्याआधी खाली जुनं काही आहे का ते तपासायचं, असा नियम. दर वीस पावलांवर मीटरभर लांबरुंद खड्डा. वीतभर खोदायचं, माती चाळायची, मग पुढची वीत. प्रत्येक खड्ड्याचा एक कागद. काय मिळालं ते लिहून खाली सही. खोदणाऱ्यांचे मुकादम कादिर आणि त्यांच्यावरचे साहेब पुण्याचे चारुदत्त. त्या दिवशी चारुदत्त बायकोला विमानात बसवायला दहरानला गेले होते. साल एक्क्याण्णव, महिना जानेवारी. इराकला कुवेत सोडायला दिलेली मुदत पंधरा तारखेला संपत होती आणि जो तो बायकामुलांना घरी धाडत होता.

एकतिसाव्या खड्ड्यात कमरेएवढ्या खोलीवर दगडाच्या लाद्या लागल्या. कादिरनी एक उचलली. आत हाडं, उजव्या कुशीवर, तोंड मक्केकडे. सगळं मिळून हातभर. केवढं जुनं, कोण जाणे.

आमच्या दाभोळकडच्या गावात कबर खणायला मजूर लावत नाहीत. जमातीतली पोरं पाळीपाळीने खणतात. कादिर सोळाव्या वर्षापासून खणत आलेले. उघडी कबर आभाळाखाली सोडायची नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं. त्यांनी मजुरांना चहाला पिटाळलं, लादी होती तशी बसवली, माती लोटली, फातिहा पढला आणि कागदावर लिहिलं, काही मिळालं नाही.

"बरं केलंत," मी म्हटलं. "आता कुणी उकरायचं नाही त्याला."

लिहिलं तर हाडं उकरून तपासायला नेतील, न लिहिलं तर वरच्यावर घरं उभी राहतील, असं आम्हा दोघांनाही खरंच वाटलं. गावात झाकलेल्या कबरीला कुणी हात लावत नाही.

माझा पासपोर्ट कफीलकडे, म्हणजे ज्याच्या जामिनावर आम्ही या देशात राहत होतो त्या अरब मालकाकडे होता, इफराचं नावही त्यावरच. शनिवारी त्यावर एक्झिटचा, देश सोडायच्या परवानगीचा शिक्का मिळायचा होता, सोमवारचं विमान. कंपनीने विषारी वायूसाठी मुखवटे दिले होते, दोनच. तान्ह्या मुलाच्या मापाचा त्यांच्याकडे नव्हता. मी एकदा माझा मुखवटा इफराला लावून पाहिला, तर तिचं अख्खं डोकं आत गेलं, आणि ती काचेआडून हसली. तेव्हापासून मी दिवस मोजत होते.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर चारुदत्त जेवायला आले. एकटे पडले होते बिचारे.

"वहिनी, आमच्या विद्याला सांगू नका, पण असं माशाचं कालवण तिला जन्मात जमायचं नाही."

"सांगणारच. पुण्याचा पत्ता द्या."

"मग मला इथेच राहावं लागेल, इराकची स्कड क्षेपणास्त्रं झेलत." ते हसले. भाकरी मोडत म्हणाले, "कादिरभाई, सुटलो आपण. चाळीसच्या चाळीस खड्डे रिकामे. उद्या सकाळी बुलडोझर. तीस ते पस्तीसचा पट्टा पहिला, दोन मीटर माती काढतायत."

कादिरांचा घास हातात राहिला. "रिकामे निघाले तर खालची माती तशीच सोडतात ना?"

"सोडतात? अहो, रिकामे म्हणूनच तर मशीन लागतंय! एक हाड सापडलं असतं तरी तार ठोकून सगळं थांबवलं असतं." मग ते थांबले. "का हो? होतं काही?"

कादिरनी घास ताटात परत ठेवला.

"असेल तर आत्ता सांगा, मी आजच फोन करतो. फक्त वर विचारतील, खोटा कागद कुणी लिहिला. चौकशी लागेल. आणि तोवर तुमचा कफील कुणाचाच पासपोर्ट हलवणार नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको."

कादिर माझ्याकडे बघत राहिले. इफरा माझ्या मांडीवर बसून भाकरीचा तुकडा हिरड्यांनी चघळत होती. तिची लाळ माझ्या मनगटावरून ओघळत होती, कोमट.

"काही नव्हतं, भाऊ," मी म्हटलं. "दमलेत हे. आठवडाभर वाकून वाकून."

"नक्की?" त्यांनी मला नाही, कादिरना विचारलं.

"ती म्हणते तेच," कादिर म्हणाले.

चारुदत्तांनी पुन्हा भात घेतला नाही.

शनिवारी दुपारी कादिर आले. पासपोर्ट माझ्या हातात दिला आणि भिंतीला टेकून खालीच बसले.

"एक नव्हती, कुबरा. रांग होती. सगळ्या तेवढ्याच."

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"मशीनवाल्याला हात केला, धीरे, धीरे. तो म्हणाला, यल्ला, बाजूला हो. लाद्या फुटल्या. कुठलं कुणाचं, काही निवडता येईना. मातीबरोबर ट्रकात गेलं सगळं."

"कुठे?"

"भरावाला. समुद्राकडे."

मी पासपोर्ट उघडला. शिक्का होता. पुन्हा पाहिला. मला आनंद झाला, इतका की तोंडावर दिसेल म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

बाहेरून कादिरांचा आवाज आला. "तिचं लोकरीचं झबलं पिशवीत वरच ठेव. विमानात गारठा असतो."

"ठेवते," मी म्हटलं.