कॅमेऱ्यासमोरचा फ्लेक्स

आमच्या गल्लीत नगरसेवकांच्या निधीतून कॅमेरा बसला. मांडव, भाषण, पेढे, सगळं यथासांग झालं. गेल्या मंगळवारी भरदुपारी त्याच कॅमेऱ्याखाली मोटारसायकलवरच्या दोघांनी माझ्या बायकोचं, सुनीतीचं, मंगळसूत्र ओढून नेलं.

चौकीत हवालदारांनी चित्रण लावलं. पडदाभर फ्लेक्सची पांढरी पाठ! कार्यकर्त्यांनी ‘संकल्पना व निधी’ म्हणत नगरसेवक साहेबांचा हसरा फोटो नेमका कॅमेऱ्यासमोर बांधला होता. वाऱ्याने फ्लेक्स जरा हलला, तेव्हा रस्त्यावर पडलेली सुनीतीची एक चप्पल तेवढी दिसली.

“अहो, मग काढा ना तो!” मी ओरडलो.

“तो आमच्या हातात नाही. साहेबांना भेटा.”

भेटलो. साहेबांनी चहा पाजला, हळहळले. “काका, दुसरा कॅमेरा देतो. निधी आहे.”

“कॅमेरा नको हो, फ्लेक्स काढा.”

“दोन देऊ,” ते म्हणाले.

रविवारी फीत कापायला त्यांनी सुनीतीलाच उभं केलं. मोकळा गळा पदराने झाकून तिने कात्री चालवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नव्या कॅमेऱ्यांसमोर कार्यकर्ते शिडीवर चढून नवा फ्लेक्स बांधत होते, पहिल्यापेक्षा मोठा.