बावन्न मिनिटांनंतरची मतं

शुक्रवारी दुपारी बारा वाजता अल्बम बाहेर आला आणि बारा वाजून सहा मिनिटांनी ताईनं फोनवर पहिली शिवी वाचली.

ती कान तपासायच्या खोलीत डबा उघडून बसली होती. ही खोली म्हणजे खोलीच्या आत बसवलेली दुसरी छोटी खोली. भिंतींना जाड फोम, दाराला रबराची पट्टी आणि एका बाजूला काच. दार लावलं की सगळं इस्पितळ गडप व्हायचं. गेली एकोणीस वर्षं ताई काचेच्या बाहेर बसून आतल्या माणसाच्या कानात बारीक बारीक सूर सोडत होती आणि तो बटण कधी दाबतो ते बघत होती. जेवायच्या सुट्टीत मात्र ती स्वतः आत बसायची, कारण अख्ख्या इमारतीत तेवढीच जागा शांत होती. आज त्या शांततेत ती डबा सोडून फोनच बघत होती.

फोनवर मतं धडाधड पडत होती.

‘अंगाईगीतं काढलीत. सोबत पाळणाही द्या.’

‘बारा वर्षं ज्यांनी भिंती हलवल्या, ते आता पडदे हलवतायत.’

‘मेटल म्हणतात याला? माझ्या आजोबांनी मान डोलावली.’

मध्येच एखादं बिचकत आलेलं: ‘मला आवडला. मारू नका.’

तिचा धाकटा भाऊ हा अल्बम काढणाऱ्या बँडचा ड्रमर. बँडमध्ये त्याला ठोक्या म्हणायचे. जड, कर्कश, छातीत धडकणारं मेटल वाजवायचं आणि ऐकणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी मानेला मलम लावायचं, अशी त्यांची ख्याती. आणि या वेळी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी सुरांचा अल्बम काढला होता. म्हणजे गिटार अजून गुरगुरत होती, पण तिच्या अंगावर चाल होती. गाणं संपल्यावर गुणगुणता येईल अशी.

हे धाकट्याच्या आग्रहामुळे झालं होतं. का, ते फक्त ताईला ठाऊक होतं.

चार महिन्यांपूर्वी तो इथेच, याच खुर्चीत बसला होता. ‘कानात सारखी शिटी वाजते गं,’ म्हणाला होता. ताईनं तपासलं. आलेखाच्या कागदावर उजव्या कानाचे लाल गोल बरे होते. डाव्या कानाच्या निळ्या फुल्या मात्र उंच सुरांपाशी अशा खाली घसरल्या होत्या, जशी जिन्याची पायरीच तुटावी. डाव्या बाजूलाच त्याची ती पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी. डॉक्टर म्हणाले, गेलं ते गेलं, उरलंय ते जपा. एक वर्ष दणदणाट नको. धाकट्यानं मान हलवली आणि बाहेर आल्यावर ताईचा हात धरला. ‘कोणाला बोलू नकोस. बँडमध्ये तर मुळीच नाही. बहिरा ड्रमर कोण ठेवेल?’

ताईचा एक जुना नेम होता. निजण्यापूर्वी दिवसभरातलं बोलणं आठवायचं, त्यात खोटं सापडलं तर दुसऱ्या दिवशी ज्याला सांगितलं त्याच्यापाशी जाऊन दुरुस्त करायचं. त्यामुळे ती मुळात कमी बोलायची. धाकट्याला शब्द दिल्यापासून तर तिनं सरावाच्या खोलीकडे जाणंच सोडलं होतं. कोणी विचारलंच नाही तर खोटं बोलायची वेळ कशी येईल?

पण आज जावं लागणार होतं. कारण आज ‘शंभर’ मोजायचे होते.

ही त्या चौघांची पहिल्या अल्बमपासूनची रीत. लोकांची पहिली शंभर मतं घ्यायची आणि भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर खडूनं रेघा मारायच्या. उजवीकडे ‘दम’, डावीकडे ‘झोप’. शंभर म्हणतील ते कबूल, मग वाद नाही. तीन आठवड्यांनी पंधरा गावांचा दौरा होता. ‘झोप’ जिंकली तर नव्यातलं एकही गाणं वाजणार नाही, सगळी जुनी, पुऱ्या आवाजात. पंधरा रात्री तो दणदणाट. ताईला ती निळ्या फुल्यांची रेघ डोळ्यांसमोर तळाला जाताना दिसली.

बारा वाजून सतरा मिनिटांनी शंभर पुरे झाले. ताईनं बोटांवर हिशेब धरला. सत्तरच्या वर शिव्या.

तिनं डबा मिटला. दुपारचे तीन पेशंट राहिले होते. त्यातले दुसरे, एक आजोबा, आत बसले, हेडफोन चढवला, आणि ताईनं अजून काही सोडायच्या आतच त्यांनी बटण दाबलं. बाहेर दिवा लागला. परत दाबलं. परत दिवा.

‘काका, मी अजून आवाज दिलेला नाही,’ ताई माइकवर हळूच म्हणाली.

‘मला वाटलं, आला असेल.’

असे रोज एक-दोन असतातच. नापास होण्याच्या धास्तीनं ऐकू येण्याआधीच बटण दाबतात. त्यांच्यावर रागवायचं नसतं. तेवढी बटणं खोडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

ताईचा हात बटणावरच थबकला. अल्बम बावन्न मिनिटांचा होता.

संध्याकाळी सहाला ती सरावाच्या खोलीत पोचली. गोदामाच्या मागची ती खोली, खिडकीला जुन्या गाद्या ठोकलेल्या, जमिनीवर वायरींचं जाळं. गिटारवाला खांब पुठ्ठ्यापुढे खडू घेऊन उभा होता. उंचीमुळे खांब, आणि बँड त्यानंच उभा केला म्हणूनही खांब. शाळेत असल्यापासून ताईच्या घरी जेवलेला. गाणारा घोगऱ्या अॅम्पवर बसला होता. मंचावर राक्षस, एरवी आवाज इतका मऊ की फोनवर लोक त्याला ‘बाई’ म्हणत. बेस वाजवणारा मुका कोपऱ्यात. तो मुका नव्हता, फक्त त्याला बोलण्यासारखं क्वचितच काही सापडायचं. आणि ड्रमच्या मागे धाकटा, मान खाली घालून काडी मांडीवर आपटत.

‘ये ताई,’ खांब म्हणाला. ‘मयताला वेळेवर आलीस.’

पुठ्ठ्यावर रेघा मारून झाल्या होत्या. झोप एकाहत्तर, दम एकोणतीस.

‘यातले दोन दम घोगऱ्याच्या मावशीचे आहेत,’ खांब म्हणाला.

‘मावशीला मत नसतं का?’ घोगऱ्या मऊपणे म्हणाला.

‘असतं, पण एकदाच. तर मंडळी, कबूल आहे ना? दौऱ्यात जुनी गाणी, जुना आवाज. हौस फिटली सुरांची.’ हे बोलताना तो चेष्टेच्या सुरात बोलत होता, पण खडू त्याच्या बोटांत दोनदा मोडला. नव्या अल्बमच्या चाली त्याच्या होत्या. त्यातली एक तर त्यानं सातवीत रचली होती आणि वीस वर्षं कोणाला ऐकवली नव्हती.

धाकट्यानं वर बघितलं. ताईकडे.

‘खांब,’ ताई म्हणाली, ‘ही शंभर मतं किती वाजेपर्यंतची?’

‘पहिली शंभर. रीत आहे आपली.’

‘सव्वाबाराच्या आसपास संपली. अल्बम बारा वाजता आला. बावन्न मिनिटांचा आहे.’

घोगऱ्यानं फोन काढून मतांच्या वेळा बघितल्या.

‘माझ्याकडे येतात असे,’ ती पुढे म्हणाली. ‘मी आवाज द्यायच्या आधीच बटण दाबतात. ते मी धरत नाही. धरले तर चुकीच्या कानाला चुकीचं औषध जाईल.’

‘पण शितावरून भाताची परीक्षा होते की,’ खांब म्हणाला.

‘शीत तरी कुठे चाखलंय? यांनी झाकणावरूनच ठरवलं.’

घोगऱ्या खुदकन हसला. खांब मात्र पुठ्ठ्याकडे बघत राहिला. त्याला हे हवंच होतं, पण आपण होऊन मागायची लाज वाटत होती, हे ताईला त्याच्या पाठीवरूनच कळलं.

‘म्हणजे बारा बावन्नच्या पुढची शंभर,’ तो शेवटी म्हणाला. ‘आणि मग जे निघेल ते निघेल. पुन्हा ताई येऊन नवीन कायदा काढणार नाही.’

‘नाही काढणार.’

त्यानं बाहीनं पुठ्ठा पुसला. घोगऱ्या फोनवरून वाचू लागला आणि खांब रेघा ओढू लागला. ही मतं वेगळीच होती. शिव्या इथेही होत्या, पण त्यांना आता पत्ता होता. ‘तिसरं गाणं लांबलंय, मधला भाग काढा.’ ‘पाचवं ऐकून गाडी बाजूला घेतली आणि तशीच बसून राहिलो.’ ‘मला जुनेच आवडतात, पण सातवं परत लावलं, खोटं का बोलू.’ रेघा एकमेकींच्या जोडीनं चढत होत्या. वीसला वीस. एकतीसला अठ्ठावीस.

धाकट्याची काडी मांडीवर थांबली होती. तो घोगऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघत होता. इतरांना वाटत असेल, निकालासाठी जीव टांगणीला लागलाय. ताईला माहीत होतं की तो ओठ वाचतोय.

आणि तेव्हा, दोन्हीकडच्या रेघा चाळिशीजवळ आल्या असताना, तिच्या ते लक्षात आलं. अल्बम तिनंही ऐकला होता. दोनदा. आणि सहाव्या गाण्यात तिला काहीतरी टोचलं होतं. न ऐकता बोलणाऱ्यांच्या गर्दीत ते सुखरूप लपलं होतं. त्या गर्दीला तिनंच आत्ता दाराबाहेर काढलं होतं आणि कान देऊन ऐकणाऱ्यांना आत बोलावलं होतं. करायला गेली एक.

‘दम सेहेचाळीस, झोप त्रेचाळीस,’ खांब म्हणाला. आवाजात आता हुरूप होता. ‘पुढचं वाच.’

‘हे मोठं आहे,’ घोगऱ्या म्हणाला. ‘“चारदा ऐकला. चाली सुंदर आहेत. पण सहाव्या गाण्यात डावीकडची झांज एवढ्या जोरात का? सगळे हळू वाजवतायत आणि तेवढीच टोचते. वाजवणाऱ्याला ती पोचत नसावी. माझे वडील छापखान्यात होते. शेवटी शेवटी रेडिओचा आवाज असाच वाढवायचे. चूकभूल माफ, पण त्यानं डावा कान...”’

घोगऱ्याचा आवाज विरत गेला.

खांबानं खडू खाली ठेवला. फोन घेतला, सहावं गाणं लावलं. चौघं ऐकत होते. झांज वाजत होती. ताईला ती प्रत्येक वेळी सुईसारखी लागली.

‘मला तर बरोबर वाटतेय,’ खांब म्हणाला. मग ताईकडे वळला. ‘ताई, तुला टोचतेय?’

‘हो.’

‘ठोक्याचे कान तू तपासलेस?’

चार महिने जो प्रश्न ती चुकवत होती, तो असा वायरींच्या जाळ्यात उभा राहून समोर आला. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं.

‘माझ्याकडे कोण आलं, कोण नाही, हे मी सांगत नाही. कोणाचंच नाही. तू आलास तर तुझंही सांगणार नाही.’

‘पुरे, ताई,’ धाकटा म्हणाला. त्यानं दोन्ही काड्या ड्रमवर आडव्या ठेवल्या, अगदी हळू. ‘डावा अर्धा गेलाय. शिटी वाजते दिवसरात्र. म्हणून मी सुरांचा हट्ट धरला, खांब. तुझ्या चालींसाठी नाही. म्हणजे चाली चांगल्या आहेत, पण मी स्वार्थानं म्हणालो. दौऱ्याला दुसरा बघा.’

गाद्यांमागून रस्त्यावरची एक मोटार गेली. घोगऱ्या फोन उलटसुलट करत होता.

‘तीन वर्षं,’ खांब म्हणाला, ‘मी तुझ्या डावीकडून हाक मारतो आणि तू बघत नाहीस. मला वाटायचं, शिष्ट झालाय.’

‘मला वाटायचं, तू हाका मारणं सोडलंस.’

खांब अॅम्पवर बसला, घोगऱ्याला ढकलून. त्यानं पुठ्ठ्यावरच्या रेघा मोजल्या; शंभराला अकरा कमी होत्या, पण कोणी पुढचं वाच म्हणालं नाही.

‘एक सांग ताई,’ तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज चेष्टेचा नव्हता. ‘ही झांज आम्ही रेकॉर्ड करताना ऐकली. नंतर पन्नासदा ऐकली. कोणालाच टोचली नाही. मला नाही, घोगऱ्याला नाही, मुक्याला नाही. याच्या जागी दुसरा बघायचा तर मग चार बघावे लागतील ना?’

ताईनं पिशवीतून पेशंटच्या वेळांची वही काढून सोमवारचं पान त्याच्यापुढे धरलं.

‘सोमवारी येतो,’ खांब म्हणाला. ‘सगळे. मग दौऱ्याचं ठरवू. आधी नाही.’

सोमवारी सकाळी नऊ वाजता बाकावर तिघं ओळीनं बसले होते. धाकटा मध्ये, घोगऱ्या मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूला. मुक्यानं आल्या आल्या विचारलं, ‘माझा नंबर कितवा?’ आणि ते ऐकून धाकटा तीन दिवसांत पहिल्यांदा हसला.

खांब आत त्या छोट्या खोलीत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. खुर्ची त्याच्या मापाची नव्हती. ताईनं त्याच्या कानांवर हेडफोन चढवला, लाल उजवीकडे, निळा डावीकडे, आणि हातात बटण दिलं. एवढा मोठा तळवा, घामानं ओला.

‘ऐकू आलं की दाबायचं. कितीही बारीक असो. नाही आलं तर नाही दाबायचं. घाई नाही.’

त्यानं शाळेतल्यासारखी मान हलवली. ताईनं दार लावलं, रबर चिकटलं, आतला श्वास ऐकू येईनासा झाला. ती काचेबाहेर आपल्या जागेवर येऊन बसली. कोरा कागद समोर ओढला, लाल पेन्सिल घेतली, निळी शेजारी ठेवली. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि सुराच्या बटणाकडे हात नेला.

हात पोचायच्या आधीच दिवा लागला.

ताईनं काचेतून पाहिलं. खांब डोळे घट्ट मिटून बसला होता, ओठ आवळलेले. दिवा पुन्हा लागला.

तिनं माइक जवळ घेतला.

‘खांब,’ ती म्हणाली, ‘मी अजून सुरू केलेलं नाही रे.’